मातीआड गेलेली नावे

थोरांचे पुतळे उभारण्याचा आपणांस उत्साह फार. परंतु त्यांचे देह जेथे विसावले, त्या भूमीची विचारपूस करण्याचे सहसा सुचत नाही. बोरीबंदर स्थानकाच्या भव्य वास्तूचे शिल्पकार फ्रेडरिक स्टीव्हन्स १९०० साली निवर्तले. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांचे थडगे आहे. होमरूल चळवळीतील लोकमान्यांचे सहकारी काका बॅप्टिस्टा १९३० पासून तेथेच विसावले आहेत. किती मुंबईकरांस हे ठाऊक असेल?

जुहूच्या कबरस्तानाची कथा याहून बोलकी आहे. मधुबाला १९६९ साली, तर महंमद रफी आणि साहिर लुधियानवी १९८० साली तेथे दफन झाले. नव्या दफनांस जागा पुरेना, म्हणून २०१० साली त्यांच्या कबरींवरील बांधकाम हटविण्यात आले. याबद्दल व्यवस्थापकांस दोष देणे आम्हांस अन्यायाचे वाटते. दाटीवाटीच्या या शहरात सामान्य माणसाचाही साडेतीन हात जमिनीवर हक्क आहे. कोणाच्या कीर्तीखातर तो नाकारता येणार नाही.

परंतु जागा मोकळी करणे निराळे आणि नाव पुसणे निराळे. प्रवेशद्वारापाशी नावे व वर्षे कोरलेली एक शिला बसविण्यास जागा ती कितीशी लागणार? महापालिकेने त्या त्या दफनभूमीच्या विश्वस्तांशी विचारविनिमय करून प्रत्येक ठिकाणी एवढे अवश्य करावे. रफींच्या गाण्यांवर वाढलेला रसिक दूरवरून जुहूला आला, तर कोणत्या मातीपुढे मान लववावी, हे त्यास निदान कळावे.