वहीचे पहिले पान

आज लक्ष्मीपूजन. संध्याकाळी अमरावतीच्या जवाहर रोडवर, अकोल्याच्या टिळक रोडवर नव्या वह्या पाटावर येतील. लाल पुठ्ठा, कुंकवाचे स्वस्तिक, 'शुभ' आणि 'लाभ'. ज्यांच्या पिढ्या गादीवर गेल्या, त्यांना पुढचे पान कसे भरायचे ते सांगावे लागत नाही. आम्हाला आज काळजी वाटते ती ज्यांच्या घरात अशी वही पहिल्यांदाच येते आहे त्यांची. शेतीवर भागत नाही म्हणून छोटी डाळ गिरणी टाकू पाहणारा तेल्हाऱ्याकडचा मुलगा, पापड-शेवयांचा जम बसवू पाहणाऱ्या दर्यापूरकडच्या बचत गटाच्या बाया.

बँकेत किंवा जिल्हा उद्योग केंद्रात गेले की प्रोजेक्ट रिपोर्ट मागतात. मग तो कुणाकडून तरी तयार आणला जातो. नाव-पत्ता तेवढा बदलायचा. त्यात नफा दरवर्षी चढताच असतो. गिरणी कोणत्या गावात आहे, तिथे तूर कधी येते, आभाळ कधी भरते, याचा त्या कागदाला पत्ता नसतो. ज्याच्या नावावर कर्ज चढते त्याने तो रिपोर्ट एकदाही वाचलेला नसतो, ही गोष्ट आमच्या जिवाला लागते. तो कागद बँकेसाठी असू द्या. स्वतःसाठीचा आराखडा स्वतःच्या हाताने, आपल्या बोलीत लिहावा. एक पान पुरते.

डाळ गिरणीचेच घ्या. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची छोटी डाळ गिरणी आपल्याकडे अनेक गावांनी पाहिली आहे. सगळे यंत्राची किंमत विचारतात. खरा पैसा अडकतो तुरीच्या पोत्यांत. 2025-26 च्या हंगामासाठी तुरीचा हमीभाव क्विंटलला 8000 रुपये होता. या भावाने घेतलेल्या एका क्विंटलातून साधारण 72 किलो डाळ निघते असे धरा. म्हणजे वीज, मजुरी, तेल, बारदाना यांचा एक पैसाही न धरता किलोला 111 रुपये नुसत्या तुरीचे झाले. चुनी आणि टरफल ढेपेसोबत ढोरांना जाते, त्याचे थोडे परत येतात. जानेवारी-फेब्रुवारीत 50 क्विंटल तूर घेतली तर चार लाख रुपये तिथेच गुंतले. डाळ झाली 36 क्विंटल. दहा महिन्यांत ती खपवायची तर रोज 12 किलो.

बारा किलो! ऐकायला किती थोडे वाटते. पण रोज ती घेणार कोण, हे लिहायला बसले की पेन अडते. "लोकं घेतीनच की" हे उत्तर वहीत मांडता येत नाही. तिथे नावे लागतात: अमुक किराणा दुकान आठवड्याला वीस किलो, अमुक खानावळ दहा, आश्रमशाळेचे पैसे तीन महिन्यांनी. सहाच नावे सुचली, तर विकत घेऊन डाळ करण्यापेक्षा शेतकऱ्यांची तूर मजुरीवर भरडून देण्यापासून सुरुवात करावी. चार लाख अडकत नाहीत, भावाची जोखीम ज्याच्या त्याच्याकडे राहते. पहिल्या वर्षासाठी आमचे मत या दुसऱ्या वाटेच्या बाजूने आहे.

मग महिने लिहायचे. वऱ्हाडात पैसा कॅलेंडर पाहून येत नाही, कापूस पाहून येतो. सीतादहीची पूजा होऊन कापसाची वेचणी सुरू झाली की हातात नोटा खेळतात. मृग लागला की सगळे बियाण्या-खतात जाते आणि दुकानात फक्त उधारीचे नाव निघते. पावसाळ्यात तूर वाळत नाही, गिरणी थांबते; हप्ता मात्र थांबत नाही. हप्त्याची तारीख सगळ्यांनाच पाठ असते. वसुलीची लिहून ठेवणारे फार थोडे.

याच मुलखातल्या शेंडगावचा डेबूजी मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात मामाकडे वाढला. सावकाराच्या कागदांपुढे मामाची जमीन कशी गेली, ते त्याने डोळ्यांनी पाहिले. पुढे गाडगेबाबा होऊन तो माणूस जन्मभर कीर्तनातून कर्जाविरुद्ध आणि अडाणीपणाविरुद्ध बोलत राहिला. आज कर्जाशिवाय धंदा उभा करणे अवघड आहे, हे आम्ही जाणतो. पण स्वतःच्या कर्जाचा कागद स्वतः वाचता यावा आणि त्याच्या समोर आपला हिशेब मांडता यावा, एवढे तरी आपण त्यांचे ऐकले पाहिजे.

आज पूजा आटोपली की लाह्या-बत्ताशांचे ताट बाजूला सारून घरातल्या सगळ्यांनी वहीभोवती बसावे. घरात बारावीची पोरगी असेल तर पेन तिच्याकडे द्यावे. डाव्या बाजूला बारा महिने, उजवीकडे येणारे आणि जाणारे. आषाढापाशी थांबावे. त्या महिन्यात दाराशी येणाऱ्याला, तो सख्खा चुलतभाऊ असला तरी, जास्तीत जास्त किती उधार द्यायचे, तो आकडा आजच्या दिव्यांच्या उजेडातच लिहून टाकावा.