विश्लेषण : घरच्या बिअरला संत्र्याचा स्वाद... पण ती बनवणेच गुन्हा कसा?

संत्र्याच्या सालीचा वास असलेली गव्हाची बिअर मुंबई-पुण्यातील मायक्रोब्रुअरीत मिळते. ती घरी कशी करावी, हे सांगणाऱ्या चित्रफितीही मोबाइलवर ढिगाने सापडतात. मात्र पेण किंवा रोह्यातील एखाद्या घरात हौस म्हणून असे पिंप लावले, तर कायदा त्याकडे हातभट्टीसारखेच पाहतो. असे का?

बिअरमध्ये संत्रे आले कुठून?

जर्मनीतील बव्हेरियात १५१६ च्या नियमाने बिअरसाठी फक्त जव, हॉप्स आणि पाणी यांनाच परवानगी दिली. शेजारच्या बेल्जियमवर असे बंधन नव्हते. तेथे गव्हाच्या बिअरमध्ये कडू संत्र्याची वाळवलेली साल आणि धणे घालण्याची पद्धत रुजली. विसाव्या शतकाच्या मध्यात ती जवळपास संपली होती. १९६० च्या दशकात पिएर सेलिस यांनी हुगार्डन गावात ती पुन्हा सुरू केली. आज जगभरात संत्र्याच्या स्वादाची जी गव्हाची बिअर मिळते, तिचे मूळ बहुतांशी इथेच आहे.

स्वाद रसाचा की सालीचा?

सालीचा. रसातली साखर यीस्ट खाऊन टाकते. तिचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होते, गोडी जाते आणि मागे आंबटपणा उरतो. संत्र्याचा ओळखीचा वास सालीच्या बाहेरच्या केशरी थरातील तेलात असतो. त्याखालचा पांढरा थर कडू असल्यामुळे साल पातळ किसून घेतात. ती सुरुवातीपासून उकळली तर वास वाफेबरोबर उडून जातो. म्हणून ब्रुअरीत ती उकळीच्या शेवटच्या पाच-दहा मिनिटांत किंवा मुख्य किण्वन संपल्यानंतर घालतात.

नागपुरी संत्रे चालते का?

चालते, पण चव वेगळी येते. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले नागपुरी संत्रे मँडरिन जातीचे, सैल सालीचे आणि गोडसर वासाचे आहे. बेल्जियन बिअरसाठी वापरतात ते संत्रे कडू जातीचे. नागपुरी सालीने वास येतो, मात्र तो कडवट काठ येत नाही. बाजारातल्या फळावर मेण किंवा कीटकनाशकाचा अंश असू शकतो, त्यामुळे साल कोमट पाण्यात घासून धुणे आवश्यक ठरते.

कायदा नेमके काय म्हणतो?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार मद्य हा राज्यांचा विषय आहे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. त्यातील ‘मद्य’ या व्याख्येत बिअर येते आणि अल्कोहोल असलेले इतर द्रवही येतात. कलम १२ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही. कलम ६५ मध्ये त्यासाठी शिक्षा आहे. त्या हेतूने साहित्य आणि उपकरणे बाळगणे हाही गुन्हा आहे. ‘विकायची नाही, घरच्यांपुरतीच आहे’ या कारणाने बिअरला सूट मिळत नाही.

हातभट्टी आणि घरची बिअर सारखीच धोकादायक?

नाही. रायगडमध्ये छापे पडतात तेव्हा गूळ-नवसागराचे रसायन नष्ट केल्याच्या बातम्या येतात. हातभट्टीत ते रसायन आंबवून त्याचे ऊर्ध्वपातन करतात. बिअर मात्र फक्त आंबवलेली असते आणि तिच्यात साधारण चार ते सहा टक्के अल्कोहोल असते. विषारी दारूचे बळी प्रामुख्याने औद्योगिक मिथेनॉलच्या भेसळीमुळे जातात. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते, दृष्टी जाते आणि माणूस दगावतो. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत अशाच दारूने शंभराहून अधिक जण मरण पावले. सालीतील पेक्टिनपासून बिअरमध्ये तयार होणारे मिथेनॉल नगण्य असते.

तरीही घरच्या बिअरला धोके आहेतच. बाटली बंद करताना साखर किंवा रस जास्त पडला, तर आतला वायू वाढून काच फुटते. भांडी नीट निर्जंतुक केली नाहीत, तर बिअर नासते. कोकणातील हवाही साथ देत नाही. अशा बिअरच्या यीस्टला साधारण १८ ते २२ अंश तापमान लागते, तर पेण-रोह्यात उन्हाळ्यात पारा सहज तिशीपार जातो. अशा उष्म्यात उग्र, नकोसे वास तयार होतात आणि संत्र्याचा वास त्यांच्याखाली दबून जातो.

इतर देशांत काय?

ब्रिटनने १९६३ मध्ये घरगुती बिअरसाठी परवान्याची अट काढली. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने संघीय पातळीवर मुभा मिळाली. तेथे एक प्रौढ असलेल्या घरात वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर आणि दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर २०० गॅलन बिअर करमुक्त बनवता येते. विक्रीला बंदी आहे. महाराष्ट्राने मुभा दिली ती व्यवसायाला. परवाना घेऊन मायक्रोब्रुअरी चालवता येते. पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ सुरू झाली. हौशी व्यक्तीसाठी मात्र अशी छोटी मर्यादा ठरवलेली नाही.

मग मार्ग कोणता?

विक्री नाही, ऊर्ध्वपातन नाही आणि ठरावीक लिटरपर्यंतच, अशी चौकट घालून सूट देणे शक्य आहे. अडचण अंमलबजावणीची आहे. पिंपात बिअर आहे की हातभट्टीचे कच्चे रसायन, हे गावातल्या छाप्यात तपासणार कोण? शिवाय अशा सुटीच्या आडून विक्री होण्याची भीती प्रशासनाला वाटणारच. कायद्यात बदल होईपर्यंत २१ वर्षांवरील परवानाधारकासाठी सोपा उपाय आहे. दुकानातून घेतलेल्या गार गव्हाच्या बिअरच्या ग्लासवर संत्र्याची ताजी साल पिळायची. सालीतले तेल फेसावर उतरते आणि हवा तो वास मिळतो. त्यासाठी घरात पिंप लावावे लागत नाही.