खेळ संपला? मग वहीत लिहा!

मुलांच्या मोबाइलचा विषय निघाला की हळदीकुंकू असो, बचतगटाची बैठक असो, नाहीतर शाळेतली पालकसभा, आपल्या सगळ्याजणींचा सूर एकच लागतो. “दिवसभर नुसता गेम, गेम आणि गेम! काय मिळतं त्यातून कोण जाणे!” बचतगटांच्या कामानिमित्त रत्नागिरीत नि आजूबाजूच्या गावांत माझं फिरणं असतं. अशी तक्रार कानावर आली की मी एकच प्रश्न विचारते, “कुठला गेम खेळतो हो तो?” बहुतेकींना सांगता येत नाही. “कसलातरी मारामारीचा”, “ते गाड्यांचं काहीतरी असतं बघा”, एवढंच उत्तर मिळतं.

नवलच नाही का? एरवी हिशेब ठेवण्यात आपला हात कोण धरणार! दुधाचा खाडा कॅलेंडरवर, सिलिंडर लावल्याची तारीखही तिथेच. भिशीचा हप्ता, किराण्याची यादी, कुणाच्या लग्नात कुणी काय आहेर केला, सगळं आपल्याकडे लिहिलेलं असतं. मुलाच्या खेळाचा हिशेब मात्र ‘दिवसभर’ या एका शब्दात आटोपतो. त्या शब्दावरून घरात रोज भांडण होतं आणि ते कधी मिटत नाही. कारण आईचं ‘दिवसभर’ आणि लेकाचं ‘आत्ता तर बसलो’ यांच्यामध्ये पुरावा म्हणून काहीच नसतं!

मैत्रिणींनो, यावर एक साधी गोष्ट सुचवावीशी वाटते. व्हिडिओ गेमची मनापासून आवड असलेली जगभरातली कितीतरी मंडळी दरवर्षी एक यादी ठेवतात. वर्षभरात आपण पूर्ण केलेल्या गेम्सची! गेमचं नाव, सुरू कधी केला, संपला कधी, कसा वाटला, बस्स. वर्ष सरलं की नवं पान. आपल्या घरातही अशी एक वही असायला काय हरकत आहे? शंभर पानी वही आणि एक पेन, याहून जास्त खर्च नाही.

रत्नागिरीकरांना ही कल्पना परकी वाटू नये. आपलं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं. वाचनाची आवड असलेल्या आपल्या आयाआत्यांच्या वहीत वाचून झालेल्या पुस्तकांची नावं असायची. कधी लेखकाचं नाव, कधी ‘शेवट आवडला नाही’ असा शेरा. ती वही कुणाला दाखवायची नसे, पण वर्षाखेरीला चाळून बघताना ‘यंदा एवढं वाचलं!’ असं समाधान वाटायचं. तीच रीत खेळाला लावायची, इतकंच.

‘पण गेम कधी संपतो का हो?’ असं तुम्ही म्हणाल. या प्रश्नातच खरी मेख आहे. आज चाळिशीत असलेल्या आपल्यापैकी अनेकींनी नव्वदीच्या दशकात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम बघितलाय. पिवळ्या-काळ्या कॅसेट, दोन रिमोट, आणि मे महिन्यात मुंबईहून आलेल्या भावंडांची झुंबड! त्यातला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा १९८५ सालचा जपानी गेम. आठ दुनिया, प्रत्येकीत चार टप्पे, म्हणजे एकूण बत्तीस टप्पे पार केले की राजकन्या सुटायची आणि खेळ संपायचा. ‘कॉन्ट्रा’चे टप्पे आठ. मारिओमध्ये मधेच थांबून उद्या पुढे सुरू करायची सोय नव्हती. लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून! पण शेवट होता. शेवट गाठला की पोरं आरडाओरडा करायची, आणि मग आपसूक अंगणात पळायची.

आताच्या मोबाइलवरचे कितीतरी गेम मुळात संपूच नयेत म्हणून बनवलेले असतात. २०१२ साली आलेला ‘कँडी क्रश’ घ्या. आपल्यातल्याही कित्येकींच्या फोनवर तो आहे, लाजायचं कारण नाही. त्याचे टप्पे दहा हजारांच्या केव्हाच पुढे गेले आणि नवे येतच राहतात. लढाईचे ऑनलाइन गेम तर दर दोन-तीन महिन्यांनी नवा ‘सीझन’ आणतात. रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला की नुकसान! कारखाना चोवीस तास चालावा तसं हे. मूल उठत नाही याचं एक कारण त्याच्या स्वभावात असेल, पण दुसरं त्या गेमच्या घडणीत आहे. जिथे शेवटच नाही तिथे मुलानं थांबायचं तरी कुठे?

वहीत ‘संपला’ हा रकाना आला की हा फरक मुलाच्या स्वतःच्या लक्षात येतो. एका गेमपुढे तारीख पडते, दुसऱ्यापुढचा रकाना महिनोन् महिने कोरा राहतो. तुम्ही काही बोलायला नको, तो कोरा रकानाच बोलतो. अशा न संपणाऱ्या गेमसाठी वेगळं पान ठेवावं आणि त्याचा शेवट मुलानंच ठरवावा. ‘या सुट्टीत अमुक टप्प्यापर्यंत, मग बंद’, असं. आपण घातलेली बंधनं मुलं मोडतात, पण स्वतः लिहिलेला शब्द मोडताना जरा तरी थबकतात.

रकाने फार नकोत. गेमचं नाव, सुरू केल्याची तारीख, संपल्याची तारीख, अंदाजे किती तास, कुणाबरोबर खेळलास आणि पैसे किती गेले. शेवटी दोन ओळी, काय आवडलं, काय नाही. आणखी एक रकाना आवर्जून ठेवा, ‘सोडून दिला’. कंटाळा आला, फार रक्तपात होता, मित्र शिवीगाळ करायला लागले, काही का असेना! नको ते मधेच सोडता येणं हीसुद्धा शिकण्यासारखीच गोष्ट आहे.

पैशांचा रकाना मुद्दाम सांगितला. फुकटात मिळणाऱ्या गेममध्ये पुढे कपडे, हत्यारं, रत्नं विकत घ्यायला लावतात. वीस रुपये, पन्नास रुपये असे थेंबथेंब जातात आणि फोनला जोडलेलं खातं आईबाबांचं असतं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला, तो घरंच्या घरं कर्जात बुडाल्याच्या तक्रारींनंतर. पण गेममधल्या अशा किरकोळ खरेदीवर कायदा नाही, घरातल्या माणसांनीच लक्ष ठेवायचं आहे. महिन्याचे पन्नास-पन्नास वर्षाखेरीला एकाखाली एक मांडले की बेरीज मुलालाही चकित करते.

आता काळजीचं बोलू. ‘माझ्या मुलाला व्यसन लागलंय’, असं आपण चटकन म्हणून मोकळ्या होतो. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंगच्या विकाराची आजारांच्या यादीत नोंद केली. २०१९ साली तिला मान्यता मिळाली आणि २०२२ पासून ती यादी लागू झाली. त्यातली लक्षणं तीन. खेळण्यावर ताबा न राहणं, इतर सगळ्या गोष्टींपेक्षा खेळालाच महत्त्व येणं आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं. शिवाय हे साधारणपणे बारा महिने दिसत असावं लागतं. खेळणाऱ्यांपैकी थोड्यांनाच हा विकार होतो, असंही संघटना सांगते. म्हणजे आठवडाभराच्या दंग्यावरून निदान होत नाही. वही हे काही डॉक्टरी औषध नव्हे. पण मूल जेवण, झोप, शाळा, मित्र सोडून तासन् तास तिथेच असेल आणि डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जायची वेळ आली, तर ‘दिवसभर’ म्हणण्यापेक्षा ती पानं कितीतरी उपयोगी पडतील. आणि चार महिन्यांत दोन गेम संपवून पोरगं क्रिकेटलाही जात असेल, तर आपल्यालाही रात्री शांत झोप लागेल.

‘खेळाचं कसलं हो लिहून ठेवायचं?’ असं आजी मंडळी म्हणतील. त्यांना बुद्धिबळाचं उदाहरण द्या. मोठ्या स्पर्धांमध्ये दोन्ही खेळाडूंनी प्रत्येक चाल कागदावर लिहायची असते. मुंबईच्या खाडिलकर भगिनी आठवतात? १९७४ साली झालेली पहिलीवहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंती खाडिलकरांनी जिंकली आणि पुढे जयश्री व रोहिणी या बहिणींनी ते विजेतेपद कितीतरी वर्षं घरातच ठेवलं. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं वयाच्या एकोणिसाव्या वर्षी जॉर्जियात महिलांचा विश्वचषक जिंकला. डाव लिहिलेला असतो म्हणून नंतर पुन्हा मांडता येतो, कुठे चुकलं ते कळतं. न लिहिलेला खेळ दुसऱ्या दिवशी वाऱ्यावर जातो.

मात्र दोन पथ्यं पाळायला हवीत. पहिलं, ही पोलिसांची डायरी नव्हे. वही मुलाची, अक्षर मुलाचं. गणितात कमी मार्क पडले म्हणून तीच वही पुढ्यात आपटलीत तर पुढच्या पानापासून सगळं खोटं लिहिलं जाईल, आणि त्यात चूक मुलाची नसेल. दुसरं, आकड्यांची शर्यत नको. शेजारच्याचे वीस झाले म्हणून आपणही भराभर उरकायचे, असं झालं तर त्या यादीत आणि पाठांतराच्या स्पर्धेत फरक काय राहिला? वर्षाला तीनच संपले, पण त्यांच्यापुढच्या दोन ओळी मनापासून लिहिल्या असतील तर वही सार्थकी लागली म्हणायची.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घरात मुलगा आणि मुलगी दोघं असतील तर वह्या दोन करा आणि वर्षाखेरीला शेजारी शेजारी ठेवा. फोन आधी कुणाच्या हातात जातो? खेळ रंगात असताना “पाणी भर गं”, “ताटं घे गं” अशी हाक कुणाला जाते? भावाच्या वहीत दहा ‘संपला’ आणि बहिणीच्या वहीत दहा ‘अर्धा राहिला’, असं दिसलं तर समजायचं, की तिची चिकाटी कमी नाही, तिला सलग वेळच मिळत नाही. घरात भेदभाव नाही असं आपण सगळ्याच म्हणतो. ते खरं की खोटं, हे या दोन वह्या भिडभाड न ठेवता सांगतील.

मुलींना खेळण्याजोगंही आता बरंच आहे. मारिओमध्ये राजकन्या बिचारी कैदेत बसायची. पण आपल्या पुण्यातल्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’नं २०२० साली ‘राजी’ नावाचा गेम काढला, त्यात राजी ही मुलगी असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघते. चित्रं आपल्या जुन्या चित्रशैलींची आठवण करून देणारी, आणि काही तासांत संपणारी गोष्ट. २०२३ साली कॅनडातून आलेला ‘वेन्बा’ तर तुम्हीही खेळा! परदेशात स्थायिक झालेली एक तमिळ आई, तिच्या आईनं दिलेली पाककृतींची फाटकी, डागाळलेली वही, आणि त्यातली पुसलेली कृती आपण जुळवायची. सुरुवात होते इडलीपासून. दीड-दोन तासांत संपतो, पण मुलगा आणि आई यांच्यात भाषेची भिंत कशी उभी राहते ते बघून डोळ्यांत पाणी येतं. मुलाशेजारी बसून असा एखादा गेम पूर्ण केलात, तर ‘कुणाबरोबर’ या रकान्यात तुमचं नाव येईल. त्याला रागावण्यासाठी नव्हे, त्याच्याबरोबर खेळण्यासाठी तुम्ही तिथे बसलात, हे त्या पानावर कायमचं राहील.

आणि मग एक पान स्वतःसाठीही उघडा की! आपली कामं कधी ‘संपली’ म्हणता येत नाहीत. भांडी घासून होईस्तोवर चहाचे कप पडतात. अर्धं विणकाम, अर्धी कादंबरी, अर्धी पाहिलेली मालिका... संपूर्ण झालेलं असं आपल्या नावावर वर्षभरात काय असतं? गेम नको तर कोडं असू दे, पुस्तक असू दे, भरतकाम असू दे. पण वर्षातून चार वेळा तरी ‘संपलं’ असं लिहिता यावं आणि तेवढा सलग वेळ घरातल्यांनी आपल्याला द्यावा, हे मागणं काही जास्त नाही.

दिवाळीत आपल्याकडे व्यापारी चोपड्यांची पूजा करतात. यंदा घरातली शंभर पानी वहीही पाटावर ठेवूया. जूनमध्ये पावसानं कोकणाला घरात कोंडलं की ती भराभर भरू लागेल. तोवर आज रात्री जेवताना मुलांना एवढंच विचारा, “काय रे, सध्या कुठला गेम चाललाय? आणि त्याचा शेवट काय आहे?” बघा, किती वेळ बोलतात ती!