रोगाला जात नसते म्हणे!

शिरपूर जैनचं अंतरिक्ष पार्श्वनाथाचं मंदिर. मूर्ती जमिनीला टेकत नाही, अशी श्रद्धा. दिगंबरांनी केव्हा पूजा करायची अन् श्वेतांबरांनी केव्हा, याचं वेळापत्रक 1905 साली कागदावर ठरलं. भांडण पार लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलात गेलं. 1981 ला लागलेलं कुलूप सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2023 मध्ये निघालं. देवाच्या वाट्याला आलेल्या तासातासाचा हिशेब या देशानं लिहून ठेवलाय.

आता त्याच गावात, गावकुसाबाहेरच्या वस्तीत, 2020-21 मध्ये कोरोना किती घरांत शिरला ते विचारा. उत्तर मिळायचं नाही. रोज निघणाऱ्या सरकारी पत्रकात जिल्हा होता, वय होतं, बाई की पुरुष तेही होतं. जातीचा रकाना नव्हता. वर शहाणे सांगत होते, रोगाला जात नसते.

बरोबर आहे. विषाणूला जात नसते. पण त्याला आत यायला जी खोली लागते, तिला जात असते.

मुंबईचं बघा. जुलै 2020 मध्ये महापालिका, नीती आयोग अन् टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं माटुंगा, चेंबूर, दहिसर या तीन वॉर्डांतल्या लोकांचं रक्त तपासलं. झोपडपट्टीत 57 टक्के लोकांना लागण होऊन गेलेली. इमारतींत 16 टक्के. वॉर्ड तेच, हवा तीच. फरक कशाचा? एका खोलीत आठ माणसं अन् अख्ख्या चाळीला एक संडास, याचा. त्या झोपड्यांत कोण राहतं हे तुम्हाला सांगायची गरज नाही. तुम्ही तिथंच वाढलात.

अन् खेड्यात सगळं मोकळं असतं असं समजू नका. फेब्रुवारी 2021 मध्ये आमच्या शेजारच्या रिसोड तालुक्यात, देगावच्या निवासी शाळेत 229 विद्यार्थी एकदम बाधित निघाले. अमरावती, यवतमाळकडून शिकायला आलेली पोरं. सहा फुटांचं अंतर ज्यानं सांगितलं, त्यानं वसतिगृहातल्या दोन खाटांमधलं अंतर कधी मोजलं होतं काय?

दक्षिण आफ्रिकेत मात्र मोजलं. जानेवारी 2021 मध्ये तिथल्या रक्तपेढीनं चार प्रांतांतल्या रक्तदात्यांचं रक्त तपासलं अन् आकडे वर्णानुसार मांडले. काळ्यांमध्ये लागण गोऱ्यांच्या कित्येक पट निघाली. काळ्यांचं रक्त वेगळं म्हणून? नाही. वर्णानुसार वस्त्या पाडणारा 1950 चा कायदा 1991 ला रद्द झाला, पण त्या कायद्यानं वसवलेल्या वस्त्या जागच्या जागी राहिल्या. त्यांच्या रक्तात त्या कायद्याचा हिशेब निघाला. आपल्याकडं 1950 पासून अस्पृश्यता घटनेनं बंद आहे. आपला हिशेब कोणी काढला?

एक भीती मला कळते. आपलेच काही दोस्त म्हणतील, जात नोंदवली की आपल्यालाच रोगाचं घर ठरवतील. 2020 मध्ये तबलीगच्या निमित्तानं अख्ख्या मुस्लिम समाजावर हेच झालं. भीती खोटी नाही. पण न मोजून आपण वाचलो का? भाजीवाल्याचं नाव विचारून त्याला हाकलणाऱ्यांना सरकारी आकड्याची गरज पडली नव्हती. आकडा लागतो तो आपल्याला. तो नसेल तर संडास मागायचा कशाच्या जोरावर? प्रेतं उचलणाऱ्या सफाई कामगाराच्या बायकोनं भरपाई मागताना दाखवायचं काय?

म्हणून मोजणीबरोबर अट हवी. माणसाच्या जातीसोबत त्याची खोली मोजा. खोलीत माणसं किती, नळ किती लांब, संडास कितीजणांत, काम कोणतं, दवाखाना किती कोसांवर, हे सगळं लिहा. नावं गुप्त ठेवा, आकडे उघडे करा. म्हणजे दोष माणसावर न येता जिथला तिथं जाईल.

30 एप्रिल 2025 ला केंद्र सरकारनं जनगणनेत जात मोजायचं जाहीर केलं. तेवढ्यावर हुरळून जाऊ नका. किती आहोत हे कळून अर्धंच काम होतं. कशानं मरतो अन् किती लवकर मरतो, तेही कळायला हवं. पुढची साथ येईल तेव्हा दवाखान्याच्या नोंदवहीत तो रकाना पाहिजे. तोवर आपापल्या वस्तीत वही काढा. दारोदार जा. 2020 ते 2022 मध्ये कोण गेलं, कसं गेलं, तपासणी झाली होती की नाही, ते विचारा अन् लिहा.

देवाचं वेळापत्रक कागदावर येऊ शकतं, तर आपली माणसंही आलीच पाहिजेत.