वास्तू एक, बिऱ्हाडं अनेक

मैत्रिणींनो, कामानिमित्त मी वस्त्यांमधून फिरते, तेव्हा एक वाक्य हमखास कानावर पडतं. “त्या लोकांना खोली देऊ नका हो.” म्हणणाऱ्या बहुतेक वेळा आपण बायकाच असतो. अशा वेळी मला लंडनमधल्या ब्रिक लेन रस्त्यावरची एक जुनी विटांची इमारत आठवते. तिच्याबद्दल वाचलं, तेव्हापासून ती मनात घर करून आहे.

ती १७४३ साली बांधली ह्युगेनॉट लोकांनी. हे फ्रान्समधले प्रोटेस्टंट ख्रिश्चन, धर्मासाठी छळ झाला म्हणून पळून आलेले. रेशीम विणून पोट भरणारे. १८१९ मध्ये तिथे मेथडिस्ट पंथाची प्रार्थना सुरू झाली. मग रशिया आणि पूर्व युरोपातून ज्यू आले. १८९८ मध्ये त्यांनी तिथे सिनेगॉग थाटलं. शिवणकाम हा त्यांच्यातल्या अनेकांचा आधार. पोरंबाळं शिकली, बऱ्या वस्तीत राहायला गेली आणि सिनेगॉग ओस पडलं. १९७६ पासून तिथे मशीद आहे, मुख्यतः सिल्हेटकडच्या बांगलादेशींची. त्यांच्यातलेही कितीतरी जण कपड्यांच्या कारखान्यांत राबले. बायकांनी घरात मशीन चालवून, संसार सांभाळून कपडे शिवले. धर्म बदलत गेले, सुई-दोरा मात्र तोच राहिला!

हे सगळं गोडीगुलाबीनं झालं, असं मुळीच नाही. १९७८ मध्ये अल्ताब अली या तरुण बांगलादेशी कामगाराचा त्याच भागात वंशद्वेषातून खून झाला. आज तिथल्या एका बागेला त्याचं नाव आहे. प्रार्थनेला छप्पर मिळालं, पण गल्लीत निर्धास्त चालण्यासाठी झगडावंच लागलं.

त्या इमारतीच्या भिंतीवर १७४३ सालचं सूर्यघड्याळ अजून आहे. माणूस म्हणजे नुसती सावली, अशा अर्थाचे लॅटिन शब्द त्यावर कोरलेत. इतकी बिऱ्हाडं बदलली, पण आधीच्यांची ही खूण कुणी खरवडून काढली नाही. मला याचंच फार अप्रूप वाटतं.

आणि हे आपल्याला परकं थोडंच आहे? तेलाचे घाणे चालवणाऱ्या, शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंना आपल्या कोकणानं ‘शनिवार तेली’ म्हणून आपलंसं केलंच की!

तेव्हा शेजारी परगावचं बिऱ्हाड उतरलं, तर आधी त्यांची जात-भाषा विचारू नका. पाणी कधी येतं, दळण कुठे मिळतं, तेवढं सांगा. नव्या माणसाला गावात पाय रोवायला तेवढा आधार खूप असतो.