नव्या मेजावरचा पंक्तिप्रपंच

गेल्या काही वर्षांत लातूर व नांदेड या आमच्या दोन्ही शहरांत एका नव्या धर्तीची उपाहारगृहे निघू लागली आहेत. मंद दिवे, कागदी कंदील, बांबूचे आडपडदे आणि दारावरील पाटीत ‘आशियाई’ हा शब्द, ही त्यांची ओळख. ‘आशियाई’ या शब्दावर भूगोलाचा विद्यार्थी हसेल, कारण ज्वारीची भाकरीही आशिया खंडातच भाजली जाते; पण ते असो. या ठिकाणी प्रत्येकाचे ताट वेगळे येत नाही. चिनी नूडल्स, थाई रस्सा, वाफवलेले मोमो, जपानी सुशी हे सारे पदार्थ मेजाच्या मध्यभागी ठेवतात आणि भोवती बसलेल्या आठ-दहा मंडळींनी ते आपसांत वाटून घ्यावयाचे असतात.

या उपाहारगृहांवरून आमच्या सुशिक्षित घरांत दोन पक्ष पडले आहेत. एक म्हणतो की, यामुळे आपली खाद्यसंस्कृती बुडाली आणि उष्ट्याखरकट्याचा विवेकही गेला. दुसरा म्हणतो की, यामुळे आपण अखेर जगाचे नागरिक झालो आणि जुने सोवळे कायमचे सुटले. मला दोन्ही पक्षांची चूक एकच दिसते. दोघांचेही लक्ष पात्रात काय आहे याकडे आहे; पात्राभोवती कोण बसले आहे आणि कोण बसलेले नाही, याकडे कोणाचेच नाही.

प्रथम संस्कृतिरक्षकांचा समाचार घेऊ. त्यांनी आपल्या एकादशीच्या ताटाकडे एकवार नीट पाहावे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, खिचडीतला शेंगदाणा, बटाटा आणि हिरवी मिरची ही चारही मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीजादि दर्यावर्दी लोकांचा संचार सुरू होण्यापूर्वी ज्ञानदेव-नामदेवांच्या काळी यांतील एकही वस्तू महाराष्ट्रात कोणी पाहिली नव्हती. ज्या परक्या जिनसांना आपण उपवासाच्या पावित्र्यापर्यंत नेऊन बसविले, त्यांचेच वंशज आज नूडल्सवर नाक मुरडतात. उलट, ज्या मंचूरियनला हे लोक चिनी आक्रमण समजतात त्याला मंचूरियात कोणी ओळखणार नाही. कलकत्त्यात जन्मलेल्या नेल्सन वांग नावाच्या गृहस्थांनी १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात तो पदार्थ प्रथम सिद्ध केला असे सांगतात. आणि थाई पदार्थातल्या ज्या आंबटपणाचे आमच्या मंडळींना एवढे अप्रूप वाटते, तो चिंचेचा असतो. आमच्याच जिल्ह्यातील पानचिंचोलीची चिंच तर आता भौगोलिक मानांकन मिरवीत आहे. तेव्हा देशी-परदेशी हा वाद जिभेच्या बाबतीत फार ताणण्यात अर्थ नाही.

राहिला उष्ट्याचा आक्षेप. एका पात्रातून अनेकांनी खावे ही कल्पना आपल्या मातीला परकी आहे काय? वारकऱ्यांचा काला आठवा. शिदोऱ्या एकत्र करावयाच्या आणि कोणाचा घास कोणता हे विसरून खावयाचे, यातच काल्याचा सारा अर्थ आहे. आमच्या नांदेड-लातुरातील मुसलमान घरांत दस्तरखानाभोवती बसून एका मोठ्या तबकातून जेवण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, आणि तिच्या मेहमानीचा लाभ आमच्यापैकी अनेकांनी घेतला आहे. शिवाय स्वच्छता आणि सोवळे या दोन निराळ्या वस्तू आहेत. १९१०-११ च्या मंचूरियातील फुप्फुसाच्या प्लेगशी झुंजलेले डॉक्टर वू ल्येन-तेह यांनाही एका पात्रातल्या जेवणाने रोग पसरेल अशी चिंता होती. पण म्हणून त्यांनी प्रत्येकाला वेगळ्या कोपऱ्यात बसविले नाही. १९१५ साली त्यांनी मेजावर मध्यभागी ठेवावयाच्या फिरत्या तबकाचा आणि वाढून घेण्यासाठी वेगळ्या चमच्यांचा पुरस्कार केला. पंगत मोडू न देता त्यांनी रोग टाळला. आमच्या सोवळ्याने मात्र रोग टाळण्याच्या नावाखाली पंगतच मोडली. हा भेद ज्याला कळत नाही त्याने उष्ट्यावर प्रवचन करू नये.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. कारण आज तोच प्रबळ आहे, आणि खरे सांगावयाचे तर मीही त्याच पक्षात जेवतो. काड्यांनी सुशी उचलता आली की आपण सुधारक झालो, असा या पक्षाचा समज आहे. या समजाची किंमत ठरविण्यासाठी इतिहासातील एक पेला चहा पुरेसा आहे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेल्याला नुसता हात लावला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभवा’त छापून आणली आणि शहरात केवढे तरी काहूर माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळक आणि रानडे यांच्यासारख्या पुरुषांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला तोंड द्यावे लागले, आणि १८९२ साली रानड्यांनी ते घेतले म्हणून त्यांचे अनुयायी त्यांच्यावर रुसले. त्या चहाला चव असेल नसेल, पण त्याला किंमत होती. तो कोणाच्या हातचा आणि कोणाबरोबर प्यालेला, या प्रश्नावर माणसाचे घरदार पणाला लागत असे. आजच्या आशियाई भोजनाला फक्त दर आहे. खिशात पैसे असले म्हणजे ते घडते. त्यासाठी धैर्याचा एक कणही खर्चावा लागत नाही. ज्यासाठी काहीच पणाला लावले नाही त्याला सुधारणा म्हणणे हा रानड्यांच्या पिढीचा उपहास आहे.

यावर कोणी म्हणेल की, पण तेथे जात विचारीत नाहीत, ही काय लहान गोष्ट आहे? लहान नाही, हे मान्य. परंतु जात दारावर विचारीत नाहीत एवढ्यावरून ती यादी करतानाही विचारली जात नाही असे होत नाही. हा मुद्दा हवेतला राहू नये म्हणून माझ्यावरच गुदरलेला, किंबहुना माझ्या हातून घडलेला एक प्रसंग सांगतो.

आमच्या विभागात तीस-बत्तीस वर्षे काम केलेले शिपाई निवृत्त झाले. सारे महाविद्यालय त्यांना ‘मामा’ म्हणे. दुपारी शाल, श्रीफळ, चार भाषणे झाली. ‘विभाग हे एक कुटुंब आहे’ हे वाक्य तीन वक्त्यांनी उच्चारले. त्यांत मी एक होतो. रात्री या निरोपाच्या निमित्ताने विभागाचे सहभोजन शहरातील एका नव्या आशियाई उपाहारगृहात ठरले होते. मामांना बोलवावे काय, असा प्रश्न निघाला तेव्हा एक जण कळवळ्याने म्हणाले, “नको, मामांना तिथे अवघडल्यासारखे होईल.” सर्वांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. ज्यांच्या निरोपाचे भोजन, ते घरी; आणि आम्ही दहा जण फिरत्या तबकाभोवती.

त्या दहांतही सगळे सारखे नव्हते. तासिका तत्त्वावर शिकविणारे एक तरुण सहकारी आमच्याबरोबर होते. त्यांना शिकविलेल्या तासांपुरतेच मानधन मिळते आणि सुट्टीच्या महिन्यांत तेही नाही. वर्गणी मात्र समान ठरली होती. समतेचे एवढे एकच तत्त्व आम्ही त्या रात्री काटेकोरपणे पाळले. ते गृहस्थ म्हणाले, “माझा आज उपवास आहे, सर, मी नुसता सोबतीला बसतो.” त्या दिवशी कोणताही वार किंवा तिथी उपवासाची नव्हती, हे आम्हां सर्वांना ठाऊक होते. तबक त्यांच्यासमोरून फिरत राहिले.

काही दिवसांनी मामा पेन्शनच्या कागदांसाठी आले. मी संकोचाने उपाहारगृहाचा विषय काढला. ते सहज म्हणाले, “धाकटा पोरगा पुण्याला असल्याच हॉटेलात भटारखान्यात आहे, सर. दिवाळीला आला की घरी करून घालतो. काड्यांनी खायला नातवंडांनी शिकवलं.” आम्हां दहांपैकी सात जणांनी त्या रात्री काट्याने खाल्ले होते. तेव्हा अवघडणार होते ते मामा नव्हेत, हे उघड झाले. मामांच्या शेजारी बसून अवघडणार होतो ते आम्ही. आमचा अवघडलेपणा आम्ही त्यांच्या नावावर मांडला आणि त्याला कळवळा हे नाव दिले.

मराठीत या गोष्टीला एक जुना, नेमका शब्द आहे: पंक्तिप्रपंच. एका पंगतीत बसलेल्यांत वाढताना भेद करणे, हे आपल्या आजीच्या लेखीही पाप होते. नव्या मेजावर वाढप्याला हा प्रपंच करावाच लागत नाही, कारण तो आपण पंगत बसण्यापूर्वीच उरकून आलेलो असतो. तबक फिरते, पण ते आपल्यासारख्यांतच फिरते. जुना पंक्तिभेद निदान डोळ्यांना दिसत असे, म्हणून त्याविरुद्ध बंड करता आले. नव्याला दार नाही की दरवान नाही. त्याविरुद्ध लढावयाचे कोणी आणि कोठे?

याच्या उलट उदाहरण शोधावयास आम्हांला दूर जावे लागत नाही. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली जेथे देह ठेवला, त्या नांदेडच्या हुजूर साहिबचा लंगर लातुराहून काही तासांच्या अंतरावर आहे. तेथे जमिनीवर ओळीने बसावयाचे आणि ओंजळ पुढे करून रोटी घ्यावयाची; शेजारी कोण हे विचारावयाचे नाही. त्या रांगेलाही ‘पंगत’च म्हणतात; आणि त्या पंथाच्या ग्रंथात, नांदेडच्या शेजारच्या नरसी गावाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या नामदेवांची पदे आहेत. आमचीच मंडळी सहलीला गेली असता तेथे मुकाट्याने मांडी घालून बसली आहेत, आणि त्या दिवशी मामाही आमच्याच ओळीत होते. कोणी अवघडल्याचे मला आठवत नाही. आमच्या लातूरकडची येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, हीही अशीच. शहर ओस पडते. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला हाक मारून नेतो, आणि भज्जी, आंबील, उंडे हे एका झाडाखाली बसून खाल्ले जाते. येळवस निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. शेत कोणाचे आणि सालगडी कोण, हे तेथेही प्रत्येकाला ठाऊक असते. पण निदान वाटसरूला हाक मारण्याची रीत तेथे आहे. आमच्या दहा जणांच्या मेजाला तेवढीही नव्हती.

कोणी म्हणेल, उपाहारगृह हा धंदा आहे. त्याच्याकडून लंगराची अपेक्षा करणे वेडेपणाचे. अगदी खरे. माझे भांडण उपाहारगृहाशी नाहीच. त्याने पदार्थ चांगले केले, तबकही फिरते ठेवले. दुसरा कोणी म्हणेल, कोणाबरोबर जेवावे हा खाजगी प्रश्न आहे. तेही खरे; मित्रांनी मित्रांबरोबर खुशाल जेवावे. पण आपण त्याला ‘विभागाचे सहभोजन’ म्हटले की तो प्रश्न खाजगी राहत नाही. ‘सह’ या उपसर्गाची काही किंमत द्यावी लागते.

ती किंमत फार नाही. आधी माणसे ठरवावीत, मग जागा. सर्वांना परवडेल व रुचेल ती जागा, मग ती आशियाई असो की खानावळ. वर्गणी पगाराच्या प्रमाणात असावी, म्हणजे कोणाला खोटा उपवास करावा लागणार नाही. आणि ज्याचा निरोप त्याला प्रथम विचारावे. त्याच्या वतीने अवघडण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही. एवढे जमत नसेल तर सुशी जरूर खावी, तिला चवही चांगली असते. पण सोवळे सुटल्याची द्वाही फिरवू नये. ते सुटलेले नाही. आपण फक्त ते बदलून दुसरे नेसलो आहोत.