केसपेपरवर एक रकाना हवा

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन



‘सातव्या महिन्यातच झाला, पेटीत ठेवला होता’ हे आईला जन्मभर पाठ असते. तोच मुलगा पंचविशीत जिना चढताना धाप लागते म्हणून दवाखान्यात जातो, तेव्हा विडी-सिगारेटची चौकशी होते, दम्याचा पंप लिहून मिळतो. जन्म कितव्या आठवड्यात झाला, हे सहसा कोणी विचारत नाही.

2020 मध्ये भारतात सुमारे 30 लाख बाळे 37 आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मली. इतकी दुसऱ्या कुठल्याही देशात नाहीत. त्यांतली बहुतेक चांगली वाढतात, तेव्हा घबराट नको. पण अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाच्या फुप्फुसात वायुकोश अजून घडायचे असतात. ते पुढे ऑक्सिजन आणि व्हेंटिलेटरचा मारा सोसत घडतात. फुप्फुसांची क्षमता विशी-पंचविशीत शिखर गाठते आणि मग उतरू लागते. यांतल्या अनेकांचे शिखरच बुटके राहते. धूम्रपान, चुलीचा धूर, शहरातली धूळ हे सगळे त्यावर.

अमेरिकेत नॉर्थवे आणि सहकाऱ्यांनी व्हेंटिलेटरवर वाचलेल्या बाळांच्या फुप्फुसांची हानी 1967 मध्येच नोंदवली. अशा आजारातून वाचून तरुण झालेल्यांच्या, 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत निम्म्याहून अधिक जणांच्या श्वासनलिकांत अडथळा निघाला. सीओपीडी या श्वासमार्गाच्या दीर्घकालीन आजारावरील ‘गोल्ड’ या जागतिक अहवालाने 2023 मध्ये फुप्फुसांच्या बिघडलेल्या वाढीतून होणाऱ्या आजाराचा वेगळा प्रकारच मांडला आणि अकाली जन्म त्यात घातला. प्रत्येक धाप म्हणजे दमा नव्हे. अकाली जन्मलेल्या या रुग्णांपैकी काहींना नेहमीच्या पंपाने फारसा उतार पडत नाही.

आपल्याकडे एवढा लांबचा पाठपुरावा जमत नाही, ही सबब चालणार नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने 1987 ते 1989 या काळात नवजात कक्षातून घरी गेलेल्या, दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा अठराव्या वर्षापर्यंत माग ठेवला. मुलांची आरोग्य तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातही 2013 मध्ये पालघरहूनच झाली. पण तो मुलाच्या अठराव्या वर्षी संपतो, नेमका फुप्फुसे शिखराजवळ असताना!

म्हणून विभागाकडे मागणी मोजकीच आहे. प्रौढांच्या केसपेपरवर ‘जन्म कितव्या आठवड्यात, वजन किती, व्हेंटिलेटर लागला का’ असा रकाना असावा. एसएनसीयूतून (नवजात बाळांच्या विशेष कक्षातून) मिळणारे डिस्चार्ज कार्ड आईच्या पिशवीत विरून जाते. त्याची नोंद मुलाच्या आभा या आरोग्य खाते क्रमांकाला जोडावी. बत्तीस आठवड्यांआधी जन्मलेल्यांची कार्यक्रमातून बाहेर पडण्यापूर्वी एकदा स्पायरोमेट्री, म्हणजे फुप्फुसांच्या क्षमतेची चाचणी, व्हावी. यंत्रे आहेत तिथे लगेच, नाहीत तिथे जिल्हा रुग्णालयात पाठवून.

17 नोव्हेंबरला जागतिक अकालजन्म दिन असतो. त्या दिवशी फुगे लावण्याआधी निदान रकान्याचे परिपत्रक काढावे, ही विनंती.